नळीतले अन्न आणि डब्यावरची अक्षरे

सुरत शहराच्या दक्षिणेकडे, पांडेसरा औद्योगिक वसाहतीला लागून बमरोली आहे. यंत्रमागांची रात्रंदिवस चालणारी खडखड, बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि एकेका खोलीत राहणारी कुटुंबे ही या भागाची ओळख. ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कामगारांप्रमाणेच येथे धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबेही राहतात. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेश आणि सुरत यांना शंभर वर्षांहून अधिक काळ जोडून ठेवले आहे. पोटासाठी आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आता याच भागात वाढते आहे.

अशा घरातल्या कर्त्या माणसाला पक्षाघाताचा झटका येतो किंवा तंबाखूने पोखरलेल्या तोंडाची शस्त्रक्रिया होते, तेव्हा रुग्णालयातून परतताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक गोष्ट घरी येते. ती म्हणजे नाकातून जठरापर्यंत गेलेली नळी. रुग्णाला गिळता येत नाही, म्हणून त्याचे सारे अन्न-पाणी आता या नळीतूनच द्यावयाचे असते. औषधाच्या दुकानात भुकटीचे डबे रांगेने मांडलेले असतात. कोणावर ‘रोगप्रतिकारशक्तीसाठी’, कोणावर ‘मधुमेहींसाठी’, तर कोणावर ग्लुटामाइन, आर्जिनिन, ओमेगा-३, एमसीटी अशी अक्षरे. यांतला कोणता डबा घ्यावा, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. आणि बहुधा जो सर्वांत महाग तो सर्वांत गुणकारी, अशा समजुतीने तो सुटतो.

गोव्यातल्या कुटुंबांनाही हा प्रश्न अपरिचित नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून नळीसह घरी परतणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांपुढेही तोच डबा आणि तीच अक्षरे असतात. म्हणूनच या अक्षरांचा अर्थ काय, त्यांमागे पुरावा किती आणि घरात खरी काळजी कशाची घ्यावयाची, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

आधी हिशेब

प्रौढ रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २५ ते ३० किलोकॅलरी ऊर्जा आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, असा वैद्यकातला सर्वसाधारण अंदाज आहे. आजारानुसार तो कमी-अधिक होतो. ५० किलो वजनाच्या माणसाला या हिशेबाने दिवसाला १,२५० ते १,५०० किलोकॅलरी आणि किमान ५० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत.

आता डब्याकडे पाहू. अशा भुकटीच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ४०० ते ४५० किलोकॅलरी असतात. म्हणजे ४०० ग्रॅमच्या डब्यात साधारण १,७०० किलोकॅलरी भरल्या. रुग्णाचे संपूर्ण पोषण केवळ या भुकटीवर करावयाचे झाल्यास एक डबा जेमतेम एक दिवस पुरेल. प्रत्यक्षात अनेक घरांत तो तीन-चार दिवस पुरवला जातो. पेलाभर पाण्यात दोन चमचे भुकटी, दिवसातून सहा वेळा. चमचा १० ग्रॅमचा धरला तर दिवसाकाठी १२० ग्रॅम भुकटी होते, म्हणजे सुमारे ५०० किलोकॅलरी. गरजेच्या एक-तृतीयांश. नळीतून दर तीन तासांनी काही ना काही जाते आहे, पेला रिकामा होतो आहे, म्हणून रुग्ण जेवतो आहे असे घरच्यांना वाटते; प्रत्यक्षात तो उपाशी असतो.

नळीद्वारे पोषण घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत घरोघरी होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे. तिचा डब्यातल्या विशेष घटकांशी काहीही संबंध नाही. वरणाचे पाणी, शहाळ्याचे पाणी, फळांचा रस, पेजेची निवळ यांवर रुग्णाला ठेवण्याची पद्धतही याच चुकीचे दुसरे रूप होय. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम २० किलोकॅलरी असतात आणि प्रथिने नसल्यातच जमा. ते तहान भागवते. स्नायूंची झीज भरून काढीत नाही. स्नायू झिजले की खोकण्याचे बळ जाते, कफ साठतो, पाठीला जखमा होतात आणि बसण्या-चालण्याचा व्यायाम निष्फळ ठरतो.

डब्यात असते तरी काय?

बहुतेक डब्यांवर घटकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर माल्टोडेक्स्ट्रिन असते. नाव परके असले तरी पदार्थ ओळखीचा आहे. मक्यासारख्या धान्यातील स्टार्चच्या लांबच लांब साखळ्या विकरांच्या साहाय्याने अर्धवट तोडल्या की हा पदार्थ मिळतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, फारसा गोड लागत नाही आणि पातळच राहतो. सुईसारख्या अरुंद नळीतून भरपूर ऊर्जा पाठवावयाची, तर हा पातळपणाच मोलाचा.

हीच क्रिया भारतीय स्वयंपाकघरांतही पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. धान्याला मोड येतात तेव्हा त्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते स्टार्चचे तुकडे करते. सुरतेपासून फार दूर नसलेल्या वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात याच गुणधर्मावर संशोधन केले. मोड आणून, वाळवून दळलेल्या धान्याचे थोडेसे पीठ दाट पेजेत मिसळले की ती काही मिनिटांत पातळ होते, असे त्यांनी दाखवले. त्यांचा उद्देश लहान मुलांच्या आहाराचा होता. थोडे खाणाऱ्या बाळाला पातळ पेजेतून पुरेशी ऊर्जा मिळत नाही आणि दाट पेज त्याला गिळवत नाही; मोडाच्या पिठाने ही अडचण दूर होते. नळीची अडचणही नेमकी हीच असल्यामुळे हे तत्त्व घरी नळीचे अन्न तयार करणाऱ्यांनाही उपयोगी पडते.

घटकांत दुसरा मान प्रथिनांचा. दुधातील केसीन जठरातल्या आम्लामुळे साकळते आणि हळूहळू पचते. व्हे, म्हणजे पनीर करताना उरणाऱ्या निवळीतले प्रथिन, द्रवरूपच राहते आणि लवकर पुढे सरकते. काही डब्यांत सोयाबीनपासून वेगळे काढलेले प्रथिन असते. ‘पेप्टाइड’ असे लिहिलेल्या डब्यांत प्रथिनांचे आधीच लहान तुकडे केलेले असतात. आतड्याचा बराच भाग काढून टाकलेला असेल किंवा स्वादुपिंडाचे काम मंदावले असेल तर त्यांचा विचार होतो. पक्षाघाताच्या ज्या रुग्णाचे आतडे धडधाकट आहे, त्याला हे तुकडे विकत घेण्याची गरज नसते. ते काम त्याचे पोट स्वतःच करते.

तिसरा घटक स्निग्धांशाचा. येथे ‘एमसीटी’ हे नाव दिसते. ही मध्यम लांबीच्या साखळीची स्निग्धाम्ले होत. त्यांना पचनासाठी पित्ताची फारशी गरज लागत नाही आणि ती आतड्यातून थेट यकृताकडे जातात. म्हणून यकृत, पित्तमार्ग वा आतडे यांच्या काही आजारांत ती उपयुक्त ठरतात. ती खोबरेल तेलापासून काढतात हे खरे. परंतु त्यावरून खोबरेल म्हणजेच एमसीटी असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. खोबरेलातला जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो आणि ते बरेचसे नेहमीच्या स्निग्धांशाप्रमाणेच पचते. डब्यातले एमसीटी म्हणजे त्या तेलातून वेगळा काढलेला छोटा भाग असतो.

चौथा घटक तंतुमय पदार्थांचा. त्यांतला एक थेट भारतीय शेतातून येतो. गवारीच्या बियांपासून निघणारा गोंद विकरांनी तोडून पातळ केला की तो नळीतून सहज जातो. जगातले गवारीचे बहुतांश उत्पादन भारतात, आणि त्यातही राजस्थानात, होते. नळीतून अन्न घेणाऱ्यांमध्ये होणारे जुलाब कमी करण्यास या तंतूची मदत होते, असे काही अभ्यासांत आढळले आहे. मात्र जुलाब सुरू झाले की लगेच डबा बदलण्याऐवजी आधी प्रतिजैविके, पातळ औषधांतील सॉर्बिटॉल आणि अन्न कालवणाऱ्या हातांची स्वच्छता यांकडे पाहावे लागते. कारण बहुधा तेथेच सापडते.

आजारागणिक वेगळा डबा

मधुमेहींसाठीच्या डब्यांत कर्बोदकांचे प्रमाण कमी असते, ती सावकाश पचणारी असतात आणि स्निग्धांशाचा वाटा वाढवलेला असतो. त्यामुळे जेवणानंतर साखरेची उसळी कमी होते. औषध किंवा इन्सुलिन यांची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीच्या डब्यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस बेताचे असतात. या डब्यांतही दोन प्रकार आहेत आणि तेथेच घोटाळा होतो. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला प्रथिने मोजून द्यावी लागतात. डायलिसिसवर असलेल्याला ती उलट अधिक लागतात, कारण प्रत्येक वेळी काही प्रथिनांश शरीराबाहेर जातो. ‘किडनीचा डबा’ एवढेच सांगून घेतलेला डबा त्यामुळे रुग्णाला उपाशी ठेवू शकतो.

यकृताच्या आजारात प्रथिने बंद करण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे. यकृतामुळे भ्रम निर्माण झालेल्या रुग्णालाही पुरेशी प्रथिने द्यावीत, असे आजचे वैद्यक सांगते. फांदीयुक्त साखळीची अमिनो आम्ले असलेले विशेष डबे नेहमीची प्रथिने न सोसणाऱ्या निवडक रुग्णांसाठी असतात.

‘प्रतिकारशक्ती’ची कसोटी

सर्वाधिक आकर्षण असते ते रोगप्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या घटकांचे. त्यांमागची कल्पना तर्कशुद्ध होती. गंभीर आजारात रक्तातील ग्लुटामाइनची पातळी घटते. तेव्हा ते बाहेरून दिल्यास रुग्ण सावरेल, असा विचार होता. लहान अभ्यासांतून तशी आशाही दिसली. मोठ्या चाचण्यांनी मात्र वेगळे चित्र समोर ठेवले.

कॅनडा, अमेरिका आणि युरोपातील ४० अतिदक्षता विभागांत १,२२३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. एकाहून अधिक अवयव निकामी झालेल्या या रुग्णांपैकी ज्यांना ग्लुटामाइन मोठ्या मात्रेत दिले, त्यांच्यातील २८ दिवसांतला मृत्युदर ३२.४ टक्के होता. ज्यांना दिले नाही त्यांच्यात तो २७.२ टक्के होता. सहा महिन्यांनंतरही ग्लुटामाइन घेतलेल्यांतच मृत्यूंचे प्रमाण अधिक राहिले. भाजलेल्या रुग्णांना तरी त्याचा लाभ होईल, ही आशा शिल्लक होती. १,२०९ गंभीर भाजलेल्या रुग्णांवरील २०२२ सालच्या चाचणीत तसा लाभ आढळला नाही.

ग्लुटामाइन, ओमेगा-३ आणि अँटिऑक्सिडंट यांचे मिश्रण असलेल्या नळीच्या अन्नाची २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत परीक्षा झाली. जंतुसंसर्ग कमी झाला नाही. उपयुक्त जिवाणूंच्या, म्हणजे प्रोबायोटिकच्या, बाबतीत नेदरलँड्समधील २००८ सालची चाचणी अधिकच सावध करणारी ठरली. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने आजारी असलेल्या २९६ रुग्णांपैकी प्रोबायोटिक मिळालेल्यांत १६ टक्के मृत्यू झाले. न मिळालेल्यांत ६ टक्के.

याचा अर्थ हे घटक सदैव निरुपयोगी आहेत असा होत नाही. पोटाच्या मोठ्या कर्करोग-शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर, विशेषतः कुपोषित रुग्णांत, आर्जिनिन व ओमेगा-३ असलेल्या आहाराने संसर्गाचे प्रमाण घटते, असे दिसून आले आहे आणि युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांतही त्यास स्थान आहे. एका आजारात तारणारा घटक दुसऱ्या आजारात मारकही ठरू शकतो, एवढाच या साऱ्याचा बोध. अशा घटकाची निवड दुकानाच्या फळीवर करता येत नाही. ती आजार, त्याची अवस्था आणि रुग्णाची प्रकृती पाहून तज्ज्ञानेच करावी लागते.

याच्या शेजारी २०१९ सालची स्वित्झर्लंडमधील चाचणी ठेवून पाहण्यासारखी आहे. आठ रुग्णालयांतील कुपोषणाचा धोका असलेल्या २,०८८ रुग्णांपैकी निम्म्यांसाठी आहारतज्ज्ञांनी प्रत्येकाचे ऊर्जा व प्रथिनांचे लक्ष्य ठरवले आणि ते गाठले जाईल याकडे लक्ष पुरवले. उरलेल्यांना रुग्णालयाचे नेहमीचे जेवण मिळाले. ३० दिवसांतला मृत्युदर पहिल्या गटात ७ टक्के, तर दुसऱ्यात १० टक्के होता. येथे कोणताही जादुई घटक नव्हता. गरज किती आणि पोटात गेले किती, हे रोज कोणीतरी मोजत होते.

घरचे की डब्यातले?

घरी शिजवून, वाटून, गाळून दिलेले अन्न स्वस्त असते, पण त्याचे दोन दोष अभ्यासांतून पुढे आले आहेत. फिलिपाइन्समधील चार रुग्णालयांत तयार होणाऱ्या अशा अन्नाची या शतकाच्या आरंभी तपासणी झाली, तेव्हा त्यात जिवाणूंचे प्रमाण मोठे आढळले आणि अपेक्षित पोषणमूल्य व प्रत्यक्षातले पोषणमूल्य यांत तफावत दिसली. अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी भारतीय तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही संसर्ग टाळण्यासाठी घुसळलेल्या अन्नाऐवजी शास्त्रीय पद्धतीने तयार केलेल्या अन्नास पसंती दिली आहे.

परंतु अतिदक्षता विभागातले काही दिवस वेगळे आणि बमरोलीच्या खोलीतले सहा महिने वेगळे. दिवसाला जवळजवळ एक डबा हा खर्च मागावर काम करणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. म्हणूनच डबा पातळ होत जातो. अशा वेळी पुरेसे आणि स्वच्छ घरगुती अन्न हे अपुऱ्या महागड्या अन्नापेक्षा रुग्णाच्या अधिक हिताचे असते.

हिशेब असा मांडता येतो. टोन्ड दुधाच्या एका लिटरमध्ये सुमारे ५८० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम धान्याच्या पिठात सुमारे ३४० किलोकॅलरी व ८ ते १० ग्रॅम प्रथिने. ३० ग्रॅम तेलात २७० किलोकॅलरी. ५० ग्रॅम साखरेत २००. साय काढलेल्या दुधाच्या ३० ग्रॅम भुकटीत १०० हून थोड्या अधिक किलोकॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिने. बेरीज जवळपास १,५०० किलोकॅलरी आणि ५० ग्रॅम प्रथिनांच्या घरात जाते. ही पाककृती म्हणून प्रत्येक रुग्णाला लागू पडणार नाही. मधुमेह असल्यास साखर वगळून मेळ घालावा लागेल, मूत्रपिंडाचा विकार असल्यास दूध मोजावे लागेल आणि जीवनसत्त्वे व लोह यांची भर डॉक्टरांच्या सल्ल्याने घालावी लागेल. शासकीय रुग्णालयातील आहारतज्ज्ञांकडून घरी परतण्यापूर्वीच असा तक्ता लिहून घेता येतो. सुरतेचे न्यू सिव्हिल रुग्णालय किंवा महापालिकेचे स्मीमेर असो, वा गोव्यात बांबोळी असो, नातेवाइकांनी तो मागून घ्यावा. घरगुती अन्न आणि थोडी भुकटी असा मध्यममार्गही त्यातून निघतो.

मोडाचे पीठ वापरावयाचे असल्यास पेज पूर्ण शिजवून ती किंचित निवू द्यावी, मग थोडेसे पीठ मिसळावे, पेज पातळ झाली की पुन्हा एक उकळी काढून गाळून घ्यावी. उकळत्या पेजेत पीठ टाकल्यास विकर नष्ट होते आणि पेज दाटच राहते.

नळीची निगा

उत्तम अन्नही चुकीच्या नळीतून गेले तर प्राणावर बेतते. नळी सरकून तिचे टोक श्वासमार्गाकडे गेले असेल तर अन्न फुप्फुसात जाते. म्हणून नाकपुडीजवळ नळीवर खूण करून ठेवावी आणि दर वेळी ती जागेवर आहे का ते पाहावे. नळी बाहेर आली, खूण सरकली, रुग्णाला ठसका लागला किंवा धाप लागली, तर काहीही न देता रुग्णालय गाठावे. घरी नळी पुन्हा आत ढकलू नये.

अन्न देताना आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास रुग्णाचे डोके व छाती ३० ते ४५ अंशांत उंच असावी. आडवे झोपवून दिलेले अन्न वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, पंधरा-वीस मिनिटांत, सावकाश द्यावे. आधी व नंतर सुमारे ३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवावी. कालवलेली भुकटी उघड्या हवेत चार तासांहून अधिक ठेवू नये. सुरतेच्या उन्हाळ्यात किंवा गोव्याच्या पावसाळ्यात तर त्याहूनही आधी ती संपवावी किंवा टाकून द्यावी. भुकटीचा डबा निर्जंतुक नसतो, हे बहुतेकांस ठाऊक नसते. म्हणून उकळून निवलेले पाणी, धुतलेले हात आणि कोरडा चमचा यांना पर्याय नाही.

औषधांचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आवरण असलेल्या किंवा सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून नळीत टाकता येत नाहीत. फिट्ससाठी दिले जाणारे फेनिटॉइन अन्नाबरोबर दिल्यास नीट शोषले जात नाही. म्हणून प्रत्येक गोळी नळीतून चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पाच-सहा दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या रुग्णाला पहिल्याच दिवशी पूर्ण आहार देणे धोक्याचे असते. उपाशी शरीरात अचानक कर्बोदके गेली की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने घसरतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णाचा आहार रुग्णालयातच, रक्ततपासणी करीत, थोड्यापासून वाढवावा लागतो.

नाकातली नळी किती काळ ठेवावी, यासही उत्तर आहे. पक्षाघाताच्या रुग्णांवरील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाकातली नळीच अधिक हिताची दिसली. गिळणे महिनाभरातही परतले नाही, तर पोटातून थेट जठरात बसवावयाच्या ‘पेग’ नळीचा विचार होतो. ही पद्धत १९७९-८० मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. गॉडरर आणि डॉ. पॉन्स्की यांनी रूढ केली. दरम्यान गिळण्याची तपासणी पुन्हा-पुन्हा करून घ्यावी; अनेक रुग्णांचे गिळणे हळूहळू परत येते.

कायदा, योजना आणि घर

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या विनियमांनुसार, रुग्णांसाठीचे असे विशेष अन्न हे औषध नसून अन्नाचाच वेगळा वर्ग आहे. ‘केवळ वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे’ अशी सूचना त्यावर असणे बंधनकारक आहे. डबा घेताना समोरच्या मोठ्या अक्षरांऐवजी मागचा तक्ता वाचावा. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा किती, प्रथिने किती, एका मापात भुकटी किती ग्रॅम आणि हे अन्न एकमेव आहार म्हणून चालेल की केवळ पूरक आहे, या चार गोष्टींवरून बहुतेक निर्णय होतो.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत रुग्णालयातील वास्तव्य, तेथील भोजन आणि घरी परतल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचा पाठपुरावा यांचा खर्च समाविष्ट असतो. नळीची गरज मात्र अनेकदा त्याहून कितीतरी अधिक दिवस राहते. तेव्हापासून अन्न हा कुटुंबाचा खर्च ठरतो आणि ते भरवणे हे कुटुंबाचे काम.

सहा वेळा अन्न, दर वेळी अर्धा तास, त्याआधी स्वच्छता आणि नंतर बसवून ठेवणे. हे काम एका माणसाची दिवसभराची पाळीच असते. कर्ता माणूस अंथरुणावर असल्याने मिळकत घटलेली असते आणि उरलेला कमावता हात बारा तास मागावर असतो. मग हे काम बहुधा घरातल्या पत्नीवर, सुनेवर किंवा शाळकरी मुलीवर येते. रुग्णालयातून निघण्यापूर्वी अन्न कालवणे, नळीची खूण तपासणे आणि ती धुणे हे घरातल्या किमान दोघांनी परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने करून पाहावे. भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर वेळ, किती मिलिलिटर दिले, पाणी किती, उलटी वा जुलाब झाले का, एवढ्याच नोंदी असाव्यात आणि आठवड्यातून एकदा वजन लिहावे.

पुढच्या तपासणीला जाताना हा कागद सोबत न्यावा. डॉक्टरांना त्यावरून रुग्णाच्या पोटात खरोखर किती गेले ते कळते. वजन घसरत असेल तर डबा बदलण्याआधी भुकटीचे माप वाढवावे लागेल, हेही त्यातूनच समजते.